विमानाला गर्दी

आधी बिस्किटं गेली, मग पाण्याच्या बाटल्या गेल्या आणि मग माणसं जायला लागली. तोट्यातली विमान कंपनी पुन्हा नफ्यात आणायची म्हणजे काय, हे आकारामला एवढंच कळलं होतं. कोल्हापूरच्या कचेरीत आता तिघंच उरली होती. आकाराम स्टेशन मॅनेजर, विद्याश्री काउंटरवर आणि पिराजी सामान चढवायला. विमानतळाबाहेर कंपनीचाच एक चहाचा गाडा होता, त्याला मात्र अजून कुणी हात लावला नव्हता.

"सर, मंगळवारी मुंबईच्या अनुजा मॅडम येणार हायत," विद्याश्री म्हणाली. "विमान भरलेलं दिसलं तर आपण ऱ्हाणार, न्हायतर कुलूप."

आकारामनं कबनूरला चुलत्यांना फोन लावला. गणपतराव तात्या यंत्रमागवाले, भावकीत त्यांचा शब्द चालायचा. पण आकारामनं जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता. 'तिकिटं काढा' हे शब्द जिभेवर आले आणि तिथंच अडकून बसले.

"तात्या, मंगळवारी इमानाला गर्दी झाली पायजे. माझ्या नोकरीचा प्रश्न हाय."

"एवढंच व्हय? बिनघोर ऱ्हा लेका!"

मंगळवारी दुपारी तात्यांनी माग बंद ठेवून सगळी माणसं आणली. टेम्पोमागून टेम्पो आले, हलगी कडाडली, जोतिबाचा गुलाल उधळला. ती गर्दी बघून आकारामला भरून आलं.

"तात्या, तिकिटं दावा, एकेकाला आत सोडतो."

गळ्यात हार घातलेल्या तात्यांनी मोबाईल पुढं केला. "हे घे. लेकीकडं चाललोय मुंबईला."

"आन् बाकीच्यांची?"

"बाकीचं मला सोडाय आल्यात की!"

 तेवढ्यात मुंबईचं विमान उतरलं आणि अनुजा मॅडम बाहेर आल्या. पिराजीनं पाहुण्या म्हणून त्यांच्या कपाळाला गुलाल लावला, तो निम्मा पांढऱ्या शर्टावर सांडला. आत विमानात तात्या आणि मोजकी टाळकी बसली. बाहेर तात्यांच्या बायकोनं, तानाबाई काकूंनी, मोठ्यानं गळा काढला. रडून आणि नाचून घसा कोरडा पडलेली भावकी चहाच्या गाड्यावर तुटून पडली. गाडेवाल्याला आवरेना म्हणून पिराजी कप धुवायला धावला, त्यामुळं सामान चढायचं राहिलं आणि विमान सुटायला उशीर झाला.

मॅडम गाड्याकडं बघत राहिल्या. "इथं रोज एवढी गर्दी असते?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण काउंटरवरून विद्याश्री डोळ्यांत प्राण आणून बघत होती.

"रोजच की, मॅडम," आकाराम म्हणाला. "आमच्यात एक माणूस उडतो, गाव सोडायला येतं."

पुढच्या आठवड्यात हुकूम आला. विमान तोट्यात, चहा नफ्यात. तेव्हा तोट्याचा भाग बंद करून नफ्याचा वाढवावा. विद्याश्री आणि पिराजी यांना कंपनीच्या शुभेच्छा. आकाराम यांची चहा विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक.

आकारामनं लगेच फोन लावला. "मॅडम, विमानच न्हाई, तर सोडायला येणार कोण?"

"गुड पॉइंट," मॅडम म्हणाल्या. "ते आपण पुढच्या तिमाहीत बघू."

जाताना विद्याश्रीनं काउंटरच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. "तुमची तरी नोकरी ऱ्हायली, सर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं आकारामला जास्तच लाज वाटली.

इतर कंपन्यांची विमानं सकाळीच उडून जायची. गाड्याची वेळ मात्र जुन्या विमानाचीच, भर दुपारची. आकाराम आधण ठेवून बसायचा आणि चहा उकळून उकळून काळा व्हायचा.

एका दुपारी रिक्षातून तात्या उतरले. परतीचं विमान रद्द झाल्यामुळं ते मुंबईहून एसटीनं हाडं खिळखिळी करून आले होते. रिकामं आवार बघून त्यांनी बाकड्यावर बैठक मारली.

"इमान कुठं गेलं रं?"

आकारामनं सगळं सांगितलं. रिकामं विमान, गर्दी, चहा, विद्याश्री, पिराजी. 

"आरं, मग तिकिटं काढा म्हणायचं हुतंस की," तात्या म्हणाले. "सगळ्यांनी काढली असती. काकू तर घरातनं पिशवी भरून आलती. म्हणली, आकाराम म्हणंल तर बसते."

आकारामनं चहा गाळला. निम्मा कपात पडला, निम्मा बशीत.