हद कोनी शे?

हिलाल आप्पा नसते तर माझी रेणू आज माझ्याजवळ नसती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांना जरा हसणार आहे.

आमची चाळ सुरतेतल्या बमरोलीची. मी साड्यांचे दोरे कापते. सातवीत शाळा सुटली, लिहिताना अजून धास्ती वाटते. आप्पा शेजारच्या खोलीत एकटेच राहतात, लूमखात्यात मागांसाठी बॉबिन भरतात. चाळीत कुठंही आवाज चढला की खिशातला खडू काढून हजर. भांडण कशावरून, हे विचारतच नाहीत. पहिला प्रश्न अहिराणीत, "हद कोनी शे?" म्हणजे हद्द कुणाची?

एकदा सुनंदा आणि कोकिळाबेन उंदरावरून भांडल्या. उंदीर राहायचा कोकिळाबेनच्या माळ्यावर आणि साड्या कुरतडायचा सुनंदाच्या. आप्पांनी दोन उंबऱ्यांमध्ये रेघ मारली. "गुन्हा सुनंदाकडे घडला. पिंजरा तिथंच लागेल."

"अने उंदर मारो, तो पिंजरो पण मारो!" कोकिळाबेन गुजरातीत म्हणाल्या. उंदीर माझा, तर पिंजराही माझाच.

"मग अपील करा," आप्पा म्हणाले. "पण रेघेच्या आत राहून."

अपिलाचं नाव निघालं की आप्पा ओट्यावर बसायचे आणि फरशीवर खडूनं हायकोर्टं काढायचे. सुरतेची अपिलं पूर्वी मुंबईला जायची. राज्य वेगळं झालं तेव्हा गुजरातचं हायकोर्टही वेगळं झालं, सुरत अहमदाबादकडे आली. आमचं धुळं-नंदुरबार राहिलं मुंबईकडेच, आता औरंगाबादच्या खंडपीठाखाली. हे सगळं अशा आवाजात, जणू त्यांच्याच घरची वाटणी झाली होती. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो.

मग धुळ्याच्या कोर्टाचा कागद माझ्या दारात आला. नवऱ्यानं दुसरं घर केलं तेव्हा मी रेणूला घेऊन सुरतेला आले होते. ती इथंच बालवाडीत गेली, इथंच चौथीत. आता त्याला मुलीचा ताबा हवा होता. सासरचे फोनवर म्हणाले, "लग्न इकडलं, पोरगी इकडली, कोर्टबी इकडलंच." मी रेणूचे कपडे पिशवीत भरायला घेतले. भरत होते आणि रडत होते.

आप्पा दारात आले. "माय, ती पिशवी ठेव. पोरगी राहते कुठं?"

"इथं."

"शाळा?"

"इथंच."

"मग हद कोनी शे?"

त्या दिवशी मला हसू आलं नाही. आप्पांनी मला वकीलबाईंकडे नेलं. त्याही तेच म्हणाल्या, मुलगी राहते तिथल्याच कोर्टात हा अर्ज चालतो. पण तसं धुळ्याला जाऊन सांगावं लागणार होतं. खाडा करून आप्पा बरोबर आले. धुळ्याच्या कोर्टानं अर्ज परत केला. नवऱ्याला मुलगी हवी असेल तर आता सुरतेला यावं लागेल. येऊ दे. रेणू बोलेल तिचं ती.

परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा पोटभर जेवले. नवापूर आलं. या स्टेशनातूनच दोन राज्यांची सीमा जाते, एक बाक तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. आप्पा उतरले आणि त्या बाकावर गुजरातच्या अर्ध्यात बसले. पिशवी ठेवली महाराष्ट्राच्या अर्ध्यात. मी खिडकीतून हसले, "आप्पा, पिशवीची हद कोनी?"

ते हसले नाहीत. "लेक राहते इथं, बाजाराच्या मागं. लहान होती तेव्हा बायको माहेरी घेऊन आली. मी सुरतेत अर्ज केला. परत आला. इकडे करा म्हणाले. राग आला, केलाच नाही. दिवाळीला येतो, इथवर."

"आणि पुढं?"

"पुढं माझी हद नही ना, माय."

शिट्टी झाली. पिशवी उचलून ते डब्यात चढले.

आप्पा, लेक मोठी झाली की बापाला तिच्या दारी जायला कुठल्या कोर्टाची हद्द लागत नाही, हे वकीलबाईंना न विचारताही मला कळतं. एका दिवाळीला मी आणि रेणू तुमच्याबरोबर येऊ. तुम्ही त्या बाकावर बसाल, आणि मी तुम्हाला हाताला धरून उठवीन, बाजाराच्या मागं नेईन. दार मी वाजवीन.