सोळा तासांची विश्रांती

तांदळाचं एक पोतं अडीच मणांचं, म्हणजे दोनशे पौंडांच्या वरच असतं.

धर्मराजसाहेब रोज सकाळी वडाळे तलावाला तीन फेऱ्या मारतात आणि चौथीचा विचार करून घरी येतात.

"व्यायाम म्हणजे असे श्रम, ज्यांपासून कोणाचाही काडीचा फायदा होत नाही." (परिपत्रक, कलम दोन.)

भामा नवऱ्याला म्हणाली, "हात वर जात नाय, तर टोपी काय मी घालून देऊ?"

साल एकोणीसशे एकोणसाठ. पनवेल.

आता गोष्ट. भामाचा नवरा तुळशीराम हा भातगिरणीतला हमाल. दिवसभरात एकशेचाळीस पोती पाठीवरून ट्रकात चढवायची आणि संध्याकाळी आनंदा वस्तादांच्या तालमीत जाऊन लोखंड उचलायचं, असा त्याचा नेम. लोक हसत. "दिवसभर टांगा ओढून घोड्याला शर्यतीची हौस!" पण ती हौस नव्हती. तालुक्याच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत जो पहिला येईल, त्याला सरकारी गोदामावर पहारेकरी नेमणार होते. म्हणजे सगळ्यांत जास्त उचलेल त्याला पुढे जन्मभर काही उचलावं लागणार नव्हतं. चाळिशीला टेकलेल्या तुळशीरामच्या गुडघ्यांना हे फार पटलं होतं.

दिवाळीत त्यानं दोनशे पौंड डोक्यावर नेले. पौषात एकशेऐंशीला अडला. वस्ताद म्हणाले, "तुळश्या, अंगात आळस शिरलाय. शंभर बैठका वाढव." वाढवल्या, एकशेसत्तर. आणखी शंभर, एकशेसाठ. तेव्हा मात्र वस्ताद वरमले. "लेका, तू आता व्यायाम करत नाहीस, व्यायाम तुला करतोय. कचेरीत चल."

कचेरी नवी होती: व्यायाम-मर्यादा कचेरी. कोणा माणसाची मर्यादा कुठे संपते, हे ती ठरवी. मर्यादा ओलांडलेल्याला आठ दिवसांची सक्तीची विश्रांती मिळे. तुळशीरामला नेमकी तीच हवी होती. स्पर्धेला सतरा दिवस उरले होते.

निरीक्षक धर्मराजसाहेबांनी फॉर्म काढला.

"व्यायाम किती?"

"दीड तास, सायेब."

"उरलेला वेळ?"

"गिरनीत धा तास. पोती."

"पोत्यांचा फायदा कोणाला?"

"मालकाला. थोडा आमाला."

"मग तो व्यायाम नाही." साहेबांनी परिपत्रकाच्या कलम दोनवर बोट ठेवलं. "रकाने दोनच आहेत. व्यायाम नाही ती विश्रांती. दहा तास गिरणी, सहा तास झोप. सोळा तास विश्रांती! अहो, एवढी मला रजेवरसुद्धा मिळत नाही."

"आनि खानं, सायेब? दूध नाय, तूप नाय. पेज नि सुकट."

"म्हणजे पचनालाही विश्रांती." तीही नोंदवली गेली.

"मग पोती कमी करू का?"

"खुळे आहात का? पोती कमी केलीत तर विश्रांती कमी होईल. तब्येत ढासळेल." साहेबांनी पेन मिटलं. "मला पाहा. तलावाच्या तीन फेऱ्या, त्यांचा कोणालाच फायदा नाही. मर्यादा ओलांडली गेली. उद्यापासून आठ दिवस मी नाही."

दारात टेकलेली भामा पुढे आली. "काय वो सायेब, ह्यांनी पोतं उचललं, येशीपर्यंत नेलं नि परत आनून तितंच ठेवलं, तर?"

"फायदा कोणाला?"

"कोनालाच नाय."

धर्मराजसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, हा तर शुद्ध व्यायाम!"

त्या दिवसापासून दहा तासांची विश्रांती संपली की तुळशीराम तीस पोती गोदामातून फाटकापर्यंत नेऊ लागला आणि परत आणू लागला. रोजचे तीन तास. वस्ताद साक्षीदार. मालकाची हरकत नव्हती, कारण सकाळी मोजली तर पोती तेवढीच भरत. वस्तादांची मात्र नजर खाली जाई. "बस कर आता," ते म्हणत, आणि साक्षीची सही करत.

नवव्या दिवशी साहेब टवटवीत होऊन आले आणि त्यांनी दाखला दिला: 'मर्यादा ओलांडली. आठ दिवस व्यायाम बंद. पूर्ण विश्रांती.'

तुळशीरामनं दाखला दोन्ही हातांनी गिरणीत नेला. मालक कायदा पाळणारा माणूस. त्यानं तो दोनदा वाचला आणि कपाळाला लावला. "सरकारी हुकूम आहे बाबा, मोडून चालायचं नाही. पूर्ण विश्रांती म्हणजे पूर्णच." आणि त्यानं तुळशीरामला दोन्ही पाळ्या लावल्या.

"आता किती इश्रांती झाली?" आठव्या दिवशी भामानं त्याच्या पाठीला तेल चोळता चोळता विचारलं.

"लय झाली," तुळशीराम म्हणाला. "आता सोसत नाय."

स्पर्धेत एकशेतीस पौंडांवर त्याचे गुडघे बसले. ते पुन्हा उठले नाहीत. वस्तादांनी आणि भामानं त्याला काखेत धरून खाली आणलं. पहारेकऱ्याची जागा पनवेलच्याच एका मिठाईवाल्याला मिळाली. मग धर्मराजसाहेबांचं भाषण झालं. "माणसाची मर्यादा ही त्याच्या मनात असते," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात. तिसऱ्या रांगेतून "सराव कमी पडला बिचाऱ्याचा" असं तुम्ही शेजाऱ्याला म्हणालात, तेही भामानं ऐकलं.

स्पर्धेच्या त्याच रविवारी सकाळी सहा ते नऊ या वेळात मंडपातल्या साडेचारशे खुर्च्या तुळशीरामनं एकट्यानं ट्रकातून उतरवून मांडल्या होत्या.