अर्ध्या डुकराची परतफेड

ब्रिस्बेनच्या इनाला भागात चाव्या करून देण्याचं दुकान चालवणाऱ्या तोआनने एका शनिवारी दुपारी एक छोटासा निर्णय घेतला. मुलीच्या साखरपुड्यात मुलाकडच्यांनी जे अख्खं भाजलेलं डुक्कर आणलं होतं, त्यातलं अर्धं रीतीप्रमाणे त्यांना परत द्यायचं. आता यात निर्णय तो काय? व्हिएतनामी माणूस पिढ्यानपिढ्या हेच करत आलाय. लाल तबकांतून सुपारी, चहा, फळं, डुक्कर येतं. मुलीकडचे थोडं ठेवतात, थोडं परत करतात, तबकांवर झाकणं उलटी ठेवतात आणि पाहुणे हसतखेळत घरी जातात. पण या खेपेला पाहुणे सामोअन होते, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे. (ही गोष्ट त्याच्या बायकोच्या, लिएनच्या, लक्षात आली होती. तोआनच्याही आली असती, पण तो तेव्हा आरशासमोर टाय सरळ करत होता.)

"अहो, या वेळी राहू द्या ना," लिएन म्हणाली. "त्यांना आपलं काही ठाऊक नाही. उगाच गैरसमज व्हायचा."

"आणि सगळं ठेवून घेतलं तर? लोक म्हणतील, तोआनने एकुलती एक पोरगी विकली. तीही एका डुकराच्या बदल्यात."

"कोण लोक?"

"असतात लोक. रीत म्हणजे रीत."

एवढंच करून तो थांबला नाही. डोकं आणि शेपटी त्याने मुद्दाम परतीच्या वाट्यात घातली. सुरुवातही नीट, शेवटही नीट, असा त्यात मोठा मान असतो. विहीणबाईंचं नाव लुपे. चर्चच्या गाण्यात त्या पहिल्या रांगेत उभ्या राहत, आणि त्या उभ्या राहिल्या की दुसरी रांग आहे की नाही ते कळत नसे. परत आलेलं तबक त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवलं. येताना चाळीस माणसं गात गात आली होती, जाताना चाळीसच्या चाळीस गप्प होती. तोआनला वाटलं, भारावून गेली बिचारी.

पुढच्या शनिवारी लुपेबाई तीन डुकरं घेऊन दारात हजर.

तोआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावीस वर्षं या वस्तीतली निम्मी कुलपं आपल्या चाव्यांनी उघडतात, आणि यांनी आपल्याला काय उपाशी समजावं? पाहुण्यांसमोर तो तोंडभर हसला. मग आत जाऊन सुरा काढला, तिन्ही डुकरं कापली आणि तीन अर्ध्या भागांबरोबर तीन डोकी परत पाठवली.

"श्रीमंती दाखवतायत," तो हाशहुश करत म्हणाला. "दाखवा म्हणावं."

"बाबा, मी ताविताला फोन करून विचारू का, काय चाललंय ते?" थाओ म्हणाली. ताविता म्हणजे तिचा होणारा नवरा.

"खबरदार. थोरामोठ्यांच्या मानपानात पोरांनी तोंड घालायचं नाही."

"तोही आईला विचारायला घाबरतोय."

"बघ. एवढ्या सगळ्यांत एक तरी शहाणा निघाला." (हा शहाणा रग्बी खेळायचा आणि वजनाने एकशे तीस किलो होता. पण आईपुढे त्याचं काय चालणार?)

तिसऱ्या शनिवारी सहा डुकरं आली, सोबत नाजूक विणीची एक भलीमोठी चटई, सामोअन लोकांत याहून मानाची भेट नसते. आता घरचा फ्रीज भरला, शेजारच्यांचा भरला, कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याने तर हात जोडले. सकाळी डुकराची पेज, दुपारी डुकराचा भात, संध्याकाळी पुन्हा तेच. तोआन तरीही हटला नाही. रविवारी सकाळी तो सुऱ्याला धार लावायला बसला, तेव्हा थाओ समोर येऊन उभी राहिली. लग्न सहा दिवसांवर आलं होतं.

"बाबा, पुरे झालं. हे आज थांबलं नाही तर मी आणि ताविता उद्या रजिस्टर लग्न करून मोकळे होतो. दोन साक्षीदार घेऊ. तुम्हाला नाही बोलवणार आणि त्यांनाही नाही."

ती रडत नव्हती, म्हणूनच तोआन घाबरला. पूर्वजांच्या तसबिरींपुढे लेकीच्या शेजारी उभं राहून उदबत्ती लावायची, यासाठी तो सत्तावीस वर्षं थांबला होता. आणि घाबरली की काही माणसं रडतात, तोआन चिडतो. त्याने सहाही डुकरं कापली, सहा अर्धी व्हॅनमध्ये घातली, टाय बांधला आणि विहीणबाईंना चार शब्द सुनावायला तडक त्यांच्या घरी गेला.

लुपेबाई दारात उभ्या होत्या. त्यामुळे दार उघडं असून बंदच होतं.

"पुन्हा परत आणलंत?"

"आणणारच. तुम्ही आणाल तितक्या वेळा आणीन."

"माझा मुलगा पसंत नसेल तर सरळ सांगा ना. असे तुकडे तुकडे करून काय सांगता?"

"पसंत नाही? असं कोण म्हणालं?"

"तुम्ही म्हणालात. आज धरून तीनदा. दिलेलं अन्न परत आलं तर आमच्यात त्याचा दुसरा अर्थ होत नाही. मला वाटलं, आपलंच कमी पडलं, म्हणून वाढवत गेले. माझ्या भावाच्या शेतावर आता एक डुक्कर उरलं नाही हो. आणि वर तुम्ही डोकी पाठवता. डोकं आमच्यात चूल पेटवणाऱ्या पोरांना देतात."

"आमच्यात ते गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला देतात."

"मोठ्या माणसाला? त्यात खायला असतं काय?"

सुनावायचे चार शब्द तोआन विसरला होता.

"विहीणबाई," तो म्हणाला, "मला एकच मुलगी आहे. तुम्ही दिलेलं सगळं मी ठेवून घेतलं असतं, तर ती विकल्यासारखी झाली असती. अर्धं परत केलं म्हणजे ती तुमची झाली तरी थोडी आमचीही राहते. एवढंच होतं ते." एवढं बोलून गेल्याचाही त्याला राग आला.

लुपेबाईंनी त्याला मिठीत घेतलं. (पाय जमिनीला लागत होते की नाही, याबद्दल तोआन आजही बोलत नाही.) सहाही अर्धी डुकरं मानाने घरात गेली, डोक्यांसकट. आतून गाणं सुरू झालं.

लग्न थाटात झालं. तोआनने लेकीच्या शेजारी उभं राहून उदबत्ती लावली, चर्चमध्ये लुपेबाई गायल्या. पुढचे चार दिवस तोआन दुकानात येईल त्याला सांगत होता, "रीत समजावून सांगायला लागते. मी सांगितली."

पाचव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, लुपेबाईंची गाडी दारात थांबली. थाओ उतरली, मागोमाग दोन बॅगा घेऊन ताविता.

"व्याहीबुवा, तुमची रीत मला फार आवडली," लुपेबाई म्हणाल्या. "दिलेलं सगळं ठेवून घ्यायचं नाही. तुम्ही मुलगी दिलीत, तर गुरुवार ते रविवार ती तुमची. सगळ्या चर्चला सांगितलंय मी."

तोआनचे डोळे भरून आले. "आणि जावईबापू?"

"तो मी दिलाय. त्याचा अर्धा कसा कापू? अख्खाच ठेवा."

थाओच्या खोलीत पलंग एकट्यापुरता. त्यावर ताविता बसला तरी पलंग उरला नसता. तेव्हा लिएनने आपली खोली, आपला मोठा पलंग लेक-जावयाला दिला आणि आपली उशी थाओच्या खोलीत नेऊन ठेवली.

"हा कुठला न्याय?" तोआन उसळला. "घर माझं, पलंग माझा. आठवड्यातले चार दिवस मी झोपायचं कुठे?"

"सोफ्यावर," लिएन म्हणाली. "सकाळीच मोजला मी. तुम्ही मावता."