गळकी हवा

बापटकाका वेलिंग्टनमध्ये आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मी "या, बसा" म्हटलं. ते बसले नाहीत. चक्क हॉलमध्ये पालथे पडले, जमिनीतल्या हीटरच्या जाळीला गाल लावला आणि म्हणाले, "गळतंय!"

मी घाबरून आधी छत पाहिलं, मग नळ.

"हवा हो, हवा! घराखालचे डक्ट, गरम हवेच्या नळ्या हो, सांध्यांत उघडे पडलेत. गोगलगायींना ऊब देताय तुम्ही."

हा माणूस ऑफिसात कॉम्प्युटरवाला! शनिवारी डोक्याला टॉर्च बांधून आमच्या घराखाली सरपटत शिरला. बाहेर उरली नुसती जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेली पावलं. चहाचा कप धरून मी त्या पावलांशीच बोलत होते.

"काका, टेप आणू का?"

"टेप म्हणजे मलमपट्टी! सांध्याला लेप, वर जाड गुंडाळी. हीट वाढली पाहिजे, हीप्स, ढिगानं!"

वाढलीही, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी आणखी पाच मराठी घरांखाली लोळण घेतली. पैसे घेतले नाहीत, जेवायलाही थांबले नाहीत. आम्ही सगळे चक्रावलेलो.

कारण त्यांच्या स्वतःच्या घरी कोट घालून बसावं लागायचं. बेडरूमच्या जाळीतून वारा अशी शीळ घालायचा की बोलणं सुचेना. काकू एकच हिवाळा इथे राहिल्या आणि "या शिळेनं डोळ्याला डोळा लागत नाही" म्हणून पुण्याला निघून गेल्या, त्याला तीन वर्षं झाली.

"अहो, मग आधी स्वतःचं नको का करायला?" मी चिडूनच विचारलं.

"तुमची काकू एकदाच ऐकून घेईल, शीळ थांबली का ते. तोवर हात बसायला हवा."

म्हणजे आमच्या घरांवर गिरवत होते! मला हसावं की भांडावं, कळेना.

ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या एका रविवारी आमच्याकडे राहिलेला त्यांचा लेपाचा डबा परत द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, वारा झाडं उपटायच्या बेतात. आत मात्र मस्त ऊब. काका बेडरूममध्ये पालथे, फोन जाळीला लावलेला. झालं, म्हटलं, यांचं डोकं फिरलं!

त्यांनी मला हातानंच गप्प केलं. मग फोन कानाला लावला.

"ऐकलंस? काही नाही ना वाजत? सगळे सांधे बुजवले गं. ये ना आता."

पलीकडून काकू काहीतरी बोलल्या.

"परत? बरं, परत ऐक," म्हणत काकांनी फोन पुन्हा जाळीला लावला.

मी धावत जाऊन पुढचं दार घट्ट लावून घेतलं.