राजे दोन वर्षांचे ठरले ते वर्तमान

श्री. वाचा देणाऱ्या देवाने ऐकणारांस कान द्यावे, लिहिणारास धीर द्यावा. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे दिवशी राज्यात जे अघटित घडले ते डोळ्यांनी पाहिले, तैसेच लिहितो. राज्याचे नाव सांगण्याची मर्जी नाही, म्हणोन लिहिले नाही.

राज्यावर राजे हैबतराव होते. साठी उलटलेली, अंगाने सडपातळ, परंतु आवाज ऐसा की नदीच्या या काठावरून हाक दिली तर त्या काठची गुरे चरणे सोडून मान वर करीत. त्या गळ्यास गाठ जाहली. वैद्य म्हणाले, गाठ काढणे तर आवाजाची पेटीच काढणे आहे, मग मुखातून शब्द निघणार नाही, मानेस भोक पडेल आणि श्वास तेथून चालेल. राजे म्हणाले, "मुक्या राजापेक्षा मेलेला राजा बरा," आणि भिंतीकडे तोंड करोन निजले आणि कागदावर सही केली नाही. मग एके दिवशी श्वास कोंडला, शुद्ध हरपली, आणि राणीसाहेब मैनाबाई यांनी त्यांच्या जागी सही केली. राजे वाचले, वाचा गेली. शुद्धीवर येऊन त्यांनी हाक मारावयास तोंड उघडले आणि मानेतून नुसता वारा फुसकन बाहेर आला, तेव्हा राणीसाहेबांकडे ऐसे पाहिले की त्या दिवसापासून त्या मनात भिऊन होत्या. पुढे त्यांच्या वतीने राणीसाहेब दरबारी बोलो लागल्या, तर राजे रागाने गादीवर हात आपटीत, "मी ऐसे म्हणालो नाही" म्हणोन मान हलवीत. राणीसाहेबांनी दरबारी येणेच सोडले.

मग कन्या केतकीबाई यांनी युक्ती केली. त्या शहरी शिकलेल्या. त्यांनी राजांची जुनी भाषणे जमा करोन एका परक्या दरबारी, जे ऑनलाइन खाती सांभाळितात त्यांजपाशी, राजांच्या नावे खाते उघडिले. तेथे त्या भाषणांतून हुबेहूब राजांचा आवाज घडविला, आणि तो टॅबमध्ये घातला. राजांनी बोटाने लिहावे आणि टॅबने राजांच्या आवाजात बोलावे. प्रथम बोलला ते समयी दरबारातले वृद्ध रडले. भाषणे ज्या फोनात होती तो फोन पुढे कालव्यात पडून गेला, म्हणोन राजांचा आवाज म्हणावा तर जगात त्या एका खात्यातच उरला होता.

पंचमीस कालव्याचा निवाडा होता. वरचे खोरे दार बंद करिते, खालच्या खोऱ्याचा हरभरा वाळतो, दोन माणसांची डोकी फुटली होती. राज्याची चाल ऐसी की निवाडा राजाने स्वमुखे सांगावा. मागे कोणी खोटा कागद दाखवून दार फिरविले होते, तेव्हापासून कागदावर दोन्ही खोऱ्यांचा विश्वास नाही. लोक कालव्यावर जमो लागले, हाती काठ्या घेऊन. इकडे राजांनी स्नान केले, पागोटे बांधिले, टॅब उघडिला, आणि काचेवर अक्षरे उमटली की, आपले खाते बंद करण्यात आले आहे.

राजांनी वाचले. पुन्हा वाचले. टॅब दिवाण नरहरपंतांपुढे धरिला. पंत म्हणाले, "बंद? म्हणजे काय? कोणी बंद केले?" मग केतकीबाई धावत आल्या, आणि त्यांनी टॅब चार्जिंगला लाविला, बंद करोन चालू केला, वायफायचा डबा उपटून पुन्हा लाविला, तारीख वेळ पाहिली, पासवर्ड बदलू गेल्या तर तोही बदलेना. प्रत्येक वेळी तेच एक वाक्य. राजांनी बोटाने काचेवर लिहिले, ते उमटेना. तोंड उघडिले, वारा आला. ऐसे वाटले की गळ्यातला आवाज वैद्यांनी नेला होता, आता दुसरा कोणी चोरून नेला.

केतकीबाईंनी परक्या दरबाराच्या मदतकेंद्रास फोन लाविला आणि सर्वांस ऐकू जावे म्हणोन मोठा केला. बहुत वेळ सनई वाजली. मग एक बाई बोलल्या, "नमस्कार, मी रेवती. खातेदार बोलत आहेत का?"

"त्यांची मुलगी बोलतेय. खाते बंद झालंय, आणि त्या खात्यात—"

"मॅडम, सुरक्षेसाठी खातेदारांनी स्वतः बोलायला हवं."

"ते बोलू शकत नाहीत."

"मग ते मोकळे झाले की फोन करा."

"अहो, मोकळेच आहेत! समोर उभे आहेत! त्यांना आवाज नाही. आवाज तुमच्याकडे आहे!"

राजांनी हात पुढे करोन फोन घेतला, मानेपाशी धरिला आणि श्वास सोडिला. फुसकन. पुन्हा फुसकन. पलीकडची बाई बारीक स्वराने म्हणाली, "सर, कळलं मला. थांबा, मी बघते." आणि कळफलक वाजला, आणि मग ती म्हणाली, "मॅडम, खातेदारांचं वय काय?"

"चौसष्ट."

"इथे दोन आहे."

"काय दोन?"

"दोन वर्षं. काल संध्याकाळी जन्मतारीख बदलली गेली. इतक्या लहान मुलाच्या नावे खाते चालत नाही, म्हणून आपोआप बंद झालं. ओळखपत्राचा फोटो पाठवा, तपासणी होईल. मुदतीत वय सिद्ध झालं नाही तर आतलं सगळं कायमचं पुसलं जाईल."

सगळे पुसले जाईल हा शब्द ऐकताच राजे मटकन गादीवर बसले. नरहरपंत ओरडले, "हा फितवा आहे! निवाड्याच्या आदल्या दिवशी राजांस तान्हे बाळ केले! पासवर्ड कोणास ठाऊक होता?" आणि त्यांची नजर केतकीबाईंवर गेली, कारण पासवर्ड ठाऊक असणारे राजांखेरीज त्या एकट्याच. इतक्यात राणीसाहेब, ज्या इतका वेळ दाराआड उभ्या होत्या, त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पंत, जिने बापाला आवाज दिला तिच्याकडे बोट दाखवता? जीभ आवरा." पंत काही बोलणार, तो राजांनी गादीवर हात आपटिला. सर्वांनी पाहिले. राजांनी एक बोट उलटे करोन स्वतःच्या छातीस लाविले. मी.

"आबा, तुम्ही?" केतकीबाई म्हणाल्या. "तुम्ही तारीख बदललीत?"

राजांनी मान डोलाविली. मग कागद ओढून लिहिले, ते केतकीबाईंनी मोठ्याने वाचले: काल टॅबने विचारले, जन्मतारीख तपासा. मी खरी घातली. पुढे तारीख लिहिली होती. केतकीबाईंनी वाचली, पंतांनी बोटांवर मोजली, आणि कोणास काही उलगडेना. परंतु राणीसाहेबांनी ती तारीख ऐकिली मात्र, त्यांचा हात भिंतीस गेला. ती दोन वर्षांपूर्वीची, त्यांच्या सहीची तारीख. त्याच दिवशी राजांचा गळा कापिला होता.

"तो दिवस?" त्या म्हणाल्या. "तो तुम्ही जन्मदिवस धरता? मला वाटत होतं तुम्ही त्या दिवसाला शिव्या देता. मला शिव्या देता." राजांनी लिहावयास कागद पुढे ओढिला.

ते समयी कालव्याकडून आरडाओरडा ऐकू आला, आणि शिपाई धावत येऊन म्हणाला, "सरकार, वरच्यांनी दार खाली पाडून बंद केलं, त्यात फळ्या मोडल्या, आता खालचे दार उपटायला उतरलेत. कुणाचं तरी डोकं जातंय आज." मग केतकीबाई ओळखपत्राचे फोटो काढून पाठविण्यास मागे राहिल्या, आणि राजे तैसेच, टॅबविना, निघाले. दाराशी थांबले, मागे वळले, राणीसाहेबांकडे हात केला. राणीसाहेब म्हणाल्या, "मी बोलले तर तुम्ही चिडता." राजांनी हात खाली घेतला नाही.

कालव्यावर राजे आले ते पाहोन लोक बाजूस जाहले. वरच्या खोऱ्याचा पाटील राणोजी म्हणाला, "सरकार, टॅब कुठाय?" राणीसाहेबांनी सांगितले की बंद पडला आहे, राजे ओठ हलवितील आणि मी सांगेन. राणोजी मोठ्याने हसला. "मग निवाडा राणीसरकारांचा म्हणा की! तो आम्हांला चालायचा नाही." खालच्या खोऱ्याच्या माणसांनीही काठ्या उचलिल्या. तेव्हा त्यांतली हौसाई म्हणोन एक म्हातारी बांधावर बसली होती, ती म्हणाली, "हरभरा उभ्या जागी मरतोय आणि तुम्ही तोंड कुणाचं ते बघताय! ऐकून तर घ्या."

मग राजे राणीसाहेबांसमोर उभे राहिले आणि ओठ हलविले, आणि राणीसाहेब त्यांच्या तोंडाकडे पाहोन बोलल्या, "दार दिवसा खालच्यांसाठी उघडे राहील, रात्री वरच्यांसाठी. वरच्या खोऱ्यास विनंती आहे की मोडलेल्या फळ्या त्यांनी भरून द्याव्या." राजांनी जोराने मान हलविली. राणीसाहेब दचकल्या. राजांनी पुन्हा ओठ हलविले, सावकाश. राणीसाहेबांचे कान तांबडे जाहले आणि त्या म्हणाल्या, "विनंती नाही म्हणतात. आज्ञा म्हणतात. आणि मी फार मऊ बोलते म्हणतात."

हे ऐकोन हौसाई खो खो हसली, आणि खालचे हसले, आणि राणोजीच्या मागचे वरचेही हसले, कारण जी बाई आपल्या मनचे बोलते ती नवऱ्याने काढलेली आपली चूक भर लोकांत स्वतः सांगत नाही, हे प्रत्येकास आपल्या घरावरून ठाऊक होते. राणोजीने काठी टेकली. "राजेच बोलले," तो म्हणाला, आणि फळ्या उचलावयास वाकला.

संध्याकाळी केतकीबाई टॅब घेऊन धावत आल्या, की वय मान्य जाहले, खाते उघडिले, आवाज जागचे जागी आहे. सर्वांस वाटले, राजे आता निवाडा स्वमुखे पुन्हा सांगतील. राजांनी टॅब मांडीवर घेतला, बहुत वेळ लिहिले, आणि तो जुना, नदीपार जाणारा आवाज हळू बोलला, "मैना, त्या दिवशी तो कागद मजपुढे आला असता तरी मी सही केली नसती, आणि आज नसतो. चिडत होतो तो मुकेपणावर. तुझ्यावर नाही. हे सांगायला आवाज होता आणि तरी सांगितलं नाही."

राणीसाहेबांनी डोळ्यांस पदर लाविला, आणि मग म्हणाल्या, "बरं. आता खरं वर्ष लिहा तिथे."

येणेप्रमाणे खाते बंद जाहले आणि उघडिले, हरभरा वाचला, नरहरपंतांनी केतकीबाईंची क्षमा मागितली. तेव्हापासून दरबारी निवाडे राजे ओठांनी करीत आणि राणीसाहेब सांगत, आणि चुकल्यास सर्वांदेखत दुरुस्त होत. टॅबमधला आवाज राजे दरबारी आणीत नसत, तो घरी बोलण्यास राखीत. बहुत काय लिहिणे.