हिरव्या बुरशीची करप्यावर स्वारी

मातीच्या पोटी जे अदृश्य राज्य चालते त्यास मुजरा करून ही हकीकत लिहिली असे.

वडील महाराज हयात असता शिजविल्या तांदळाच्या कणीवर हिरवी बुरशी वाढवीत, आणि ती भातरोपांच्या मुळांस लावून करपा नामे रोगास शेतात पाय ठेवू देत नसत. पेरणीपूर्वी ते निवर्तले, आणि फौज म्हणोन फळीवर पाच बरण्या मागे राहिल्या. मग आत्याबाईसाहेब दुःखात हातभार लावण्यास दाखल जाहल्या आणि त्यांनी घरातील तमाम भांड्यांवर चाल केली. चार बरण्या कढत पाण्यात गारद जाहल्या.

"अगं, बुरसटलं होतं सगळं! दादाला काही टाकवतच नसे."

पाचवी बरणी महाराजांचे कन्येने त्यांचे हातून हिसकावली. वडिलांचे हातची बुरशी जगात एवढीच उरली.

लावणीचे दिवशी काकासाहेब, ज्यांस सर्व विषय जन्मतः अवगत, दुकानातून बुरशीनाशक घेऊन बांधावर उतरले आणि फर्मान काढिले की बरणी व औषध एका पिंपात कालवावे, म्हणजे दुप्पट फौज.

कन्येने अर्ज केला, "काका, ते औषध बुरशी मारतं. आपली पण बुरशीच आहे."

"मग सांग त्याला, ही घरची आहे म्हणून!"

अखेर तह ठरला आणि शेत निम्मे, बरणी निम्मी जाहली. काकासाहेबांनी आपली कुमक स्वहस्ते औषधात बुडवून ठार केली आणि मिशांवर ताव दिला. कन्येने तळची मूठभर राखिली, बाकीची पाण्यात कालविली, आणि रोपांची मुळे त्यात अर्धा तास भिजवून लावणी केली.

मग ढगाळ हवेत करपा चालून आला. दुकानी औषधाचा अंमल तोवर उतरला होता. काकासाहेबांचा मुलूख जळाला. कन्येकडे चार ठिपके पडले खरे, परंतु भात त्यांचेहून वीतभर उंच उभा राहिला. काकासाहेबांनी गावभर जाहीर केले की आमच्याच औषधाचा वारा तिकडे लागला.

आठवे दिवशी ते मागील दाराने आले. "थोडी दे ती बुरशी. कुणाला बोलू नकोस म्हणजे झालं."

कन्येने कणी शिजविली, निवविली, आणि राखिलेली मूठ तीत मिसळली. चौथे दिवशी कणी हिरवी जाहली. काकासाहेबांनी बरणी उजेडास धरिली.

"दादाच्या बाहीला हा रंग असायचा. मला वाटायचं, शेवाळ."

 कन्येने बुरशीस वारा लागावा म्हणोन झाकण तेवढे सैल केले. करपा हटला, वंश राहिला, फत्ते जाहली, ऐसे नमूद असे.