उपासाची निळी खिचडी

जीवसृष्टीचं रसायनशास्त्र मी कुणालाही दहा मिनिटांत समजावून देऊ शकतो! सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलो म्हणून काय झालं? चौऱ्याण्णव साली लेक शलाकाचं नववीचं पुस्तक मी बंगळुरूत येलहंका ते मॅजेस्टिक बसमध्ये वाचून काढलं होतं. निम्मं तरी!

म्हणून मंडळात एकादशीच्या फराळाआधी मुलांसाठी व्याख्यान ठरलं, ते अर्थात माझंच. अध्यक्ष श्रीधररावांच्या पत्नी सावित्रीबाई, म्हणजे सगळ्या मराठी बंगळुरूच्या अक्का, पहाटेपासून साबुदाण्याच्या खिचडीसाठी खपत होत्या. साठ माणसं सकाळपासून उपाशी होती आणि खिचडीचा वास हॉलभर सुटला होता.

मी आयोडीनची बाटली काढली.

"मुलांनो, स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांब माळ! आयोडीन लागलं की ती निळी पडते."

घरून आणलेल्या भातावर थेंब टाकला. निळाकाळा! टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस चेकाळतो. मी चमचाभर खिचडी मागून घेतली आणि तिच्यावरही थेंब टाकला. निळीकाळी!

"बघा! भात काय नि साबुदाणा काय, आतून एकच!"

अक्कांच्या हातातला डाव थांबला.

"अय्यो! म्हणजे चाळीस वर्षं मी एकादशीला भातच खाल्ला?"

"तसं नाही, पण शास्त्राच्या दृष्टीनं..."

"बटाट्यावर टाकून बघा."

निळा!

"वरई?"

निळी! रताळंही निळं! अक्कांचे डोळे भरून आले.

"ह्यांच्या टायफॉइडच्या वेळी धरलेली एकादशी हो ती, पद्माकरराव. एकही मोडली नव्हती मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"कुणीही खायचं नाही!"

साठ उपाशी माणसं माझ्याकडे वळून बघू लागली. माझ्यात किती स्टार्च असेल, याचाच अंदाज घेत असावीत! श्रीधरराव माझ्या कानाशी लागले.

"स्वल्प काहीतरी करा हो! सकाळपासून नुसत्या कॉफीवर आहे मी."

तेवढ्यात शलाका उठली.

"बाबा, पुढचं पान वाचलंच नाही ना तुम्ही?"

तिनं झाकण किलकिलं करून खिचडीचा एक घास तोंडात टाकला, दोन मिनिटं चावला आणि बशीत काढला.

"शी! उष्टं!" कुणीतरी ओरडलं.

"गप्प बसा, सायन्स आहे ते!" अक्का गरजल्या.

शलाकानं थेंब टाकला. निळा रंग नाहीच! नुसता पिवळट डाग.

"आजी, लाळेत एन्झाइम असतं. ती माळ तोंडातच तुटते आणि तिची साखर होते. साखर चालते ना उपासाला?"

"चालते की गं माझे राणी!" अक्कांनी डोळे पुसले आणि झाकण उडवलं. "प्रत्येकानं घास बत्तीस वेळा चावायचा. सरी? कळलं?"

साठ माणसं मुकाट्यानं रवंथ करू लागली. अक्का मोजत फिरत होत्या. सगळीकडे कसं समाधान!

श्रीधरराव हळूच माझ्याकडे सरकले.

"पद्माकरराव, एक शंका. भातसुद्धा बत्तीस वेळा चावला, तर त्याचीही..."

प्रश्न अगदी शास्त्रीय होता. उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. मी उत्साहानं तोंड उघडलं आणि शलाकानं त्यात भला मोठा चमचा कोंबला.

"बाबा, आधी चावा!"